परक्या देशातले घर : पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचे एक वाचन

काही वर्षांपूर्वी, नाताळच्या आदल्या रविवारी, तानसा तलावाच्या परिसरातील एका कातकरी पाड्यावर जाण्याचा योग आला. आमच्या वसईकडच्या धर्मग्रामातील काही तरुण तेथे नाताळची गीते शिकवायला निघाले होते. प्रस्तुत लेखक त्यांच्यासोबत गेला. पाड्यावर अनेक वर्षे काम करणाऱ्या धर्मभगिनी मूळच्या मंगळूरकडच्या. मराठी त्या मोठेपणी शिकल्या होत्या, आणि पाड्यावरची मुले त्यांना ‘सिस्टर’ न म्हणता ‘आजी’ म्हणत. मुलांनी गीत छान म्हटले. त्यात प्रभू ‘अवतरला’ असा शब्द होता. कोपऱ्यात बसलेल्या एका वृद्ध बाईने विचारले, ‘‘अवतरला म्हणजे काय झालं?’’ सिस्टर म्हणाल्या, ‘‘जन्मला.’’ त्यावर ती बाई सहजपणे म्हणाली, ‘‘मग बाळ झालं असं म्हना की.’’

आम्ही सगळे हसलो. परतीच्या वाटेवर मात्र हसू ओसरले. तानसेचे जे पाणी शहापूरच्या डोंगरातून निघून आमच्या बाजूला येते, त्याच्याच काठाने आम्ही उलट दिशेला पन्नास-साठ किलोमीटर गेलो होतो. आणि तेवढ्यातच आमची मराठी परकी ठरली होती.

हा प्रसंग पुन्हा आठवण्याचे कारण म्हणजे पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार. वॉन्टेज येथील सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवलेली व संकलित केलेली ही पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केली. तेव्हापासून अभ्यासकांनी त्यांचा उपयोग प्रामुख्याने एका कारणासाठी केला : रमाबाईंची श्रद्धा कशी घडली, अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांशी त्यांचे मतभेद कोठे झाले, स्वतःच्या विवेकाचा हक्क त्यांनी कसा राखला, हे पाहण्यासाठी. हे वाचन योग्यच आहे. पण अपुरे आहे. या पत्रांत धर्मशास्त्रीय वादाच्या जोडीला आणखी एक गोष्ट अखंड चालू असते. एक तरुण विधवा आई, तिची लहान मुलगी, परका देश, आणि त्या देशात उभे करावयाचे घर. त्या घरात कोणती भाषा बोलावी, कोणते अन्न शिजावे, सण कोणत्या शब्दांनी साजरा व्हावा, मुलीने मोठेपणी स्वतःला कोण म्हणवून घ्यावे, हे प्रश्न त्या पत्रांतून पुन्हा पुन्हा डोके वर काढतात. रमाबाईंच्या पुढील भाषाकार्याचे मूळ त्यांच्या विद्वत्तेइतकेच या घरगुती प्रश्नांत आहे, असे मला वाटते. त्या दृष्टीने ही पत्रे येथे पाहावयाची आहेत.

आधी थोडी पूर्वपीठिका. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने, लक्ष्मीबाईंनी, लेकीला. ज्या कन्येला विद्या आईच्या तोंडून मिळाली, तिच्या लेखी भाषा आणि घर या वेगळ्या वस्तू असणे शक्यच नव्हते. हे घर अखेरपर्यंत फिरते राहिले. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊही गेला. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशी विवाह झाला. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा जन्मली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला. २० एप्रिल १८८३ रोजी दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन रमाबाई इंग्लंडला निघाल्या. प्रवासखर्चाची तजवीज ‘स्त्रीधर्मनीति’ या आदल्या वर्षीच्या मराठी पुस्तकाने केली होती. भाषेनेच त्यांना परदेशी नेले, असे म्हणावयास हरकत नाही.

परदेशात त्यांना जगविलेही भाषेनेच. वॉन्टेज येथील ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ या अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या, त्याची व्यवस्था अशी होती की पुण्याला सेवेसाठी जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावी आणि स्वतः इंग्रजी शिकावी. पुढे चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले. डॉक्टर होण्याचा त्यांचा मनोदय बहिरेपणामुळे सोडून द्यावा लागला होता. म्हणजे इंग्लंडातील वास्तव्यात त्यांच्या हाती जे काम उरले ते भाषेचे. या काळातील दुःखही विसरून चालणार नाही. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा त्याच वर्षी वॉन्टेज येथे करुण अंत झाला. मराठीत मन मोकळे करावे अशी एकच प्रौढ स्त्री जवळ होती, तीही गेली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी, महादूतांच्या सणादिवशी, मायलेकींचा स्नानसंस्कार झाला. त्या सणाच्या दिवशी रमाबाईंच्या भोवती आनंद करणारी माणसे पुष्कळ होती. त्यांची भाषा बोलणारे माहेरचे असे कोणी नव्हते.

आता पत्रांकडे वळू. वाचकाने एक गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी. हा संग्रह पत्रव्यवहारातील एका पक्षाने रचलेला आहे. सिस्टर जेराल्डीन यांनी पत्रे जपली हे त्यांचे आपल्यावर मोठे ऋण. परंतु त्यांची मांडणी आणि त्यांवरील भाष्यही त्यांचेच आहे. पत्रे इंग्रजीत आहेत. मराठी मातेचे हृद्गत मराठी वाचकाला इंग्रजीतून वाचावे लागते, ही या ग्रंथाची उणीव नव्हे. ती त्या घराचीच परिस्थिती आहे. रमाबाईंना आपला राग, आपली ममता आणि आपला हट्ट हे सर्व नुकत्याच शिकलेल्या भाषेत मांडावे लागले. त्या इंग्रजीत कोठे कोठे ओबडधोबडपणा असला तरी नम्रतेमागे लपण्याची युक्ती नाही. ती सरळ बोलते, आणि समोरची व्यक्ती गुरुस्थानी असली तरी सरळच बोलते.

या इंग्रजी मजकुरात एक मराठी शब्द अचानक भेटतो आणि मराठी वाचक थबकतो. रमाबाई सिस्टर जेराल्डीन यांना ‘आजीबाई’ म्हणून हाक मारतात. या शब्दाचा विचार करण्यासारखा आहे. आपल्या घरांत सून सासूला मुलाच्या नात्याने ‘आजी’ म्हणू लागते. घरात मूल आले की सगळ्यांची नावे त्याच्या नात्याने नव्याने ठरतात. रमाबाईंनी तेच केले असावे असे वाटते. मनोरमेला सख्खी आजी नव्हती. लक्ष्मीबाई कधीच निवर्तल्या होत्या. त्या रिकाम्या जागेवर रमाबाईंनी एका इंग्रज व्रतस्थ स्त्रीला बसविले, आणि त्यासाठी इंग्रजी शब्द शोधला नाही. ज्याला मठाची भाषा ‘सिस्टर’ किंवा ‘मदर’ म्हणते, त्या नात्याला त्यांनी मराठी घरातले आसन दिले. पुढे वाद कितीही तीव्र झाला तरी हा शब्द टिकून राहतो. कठोर युक्तिवाद आणि ‘आजीबाई’ हे संबोधन एकाच पत्रव्यवहारात नांदते, आणि त्यामुळे तो युक्तिवाद भांडणाच्या पातळीवर उतरत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी मतभेद असावा तसा तो राहतो.

याच काळात अटलांटिकच्या पलीकडे दुसरी एक मराठी स्त्री हेच करीत होती. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटरबाईंना ‘मावशी’ मानले. रमाबाई त्यांच्या दूरच्या नातलग. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई मनोरमेला घेऊन इंग्लंडहून गेल्या. परदेशातील मराठी कुटुंबाच्या आनंदसोहळ्यांचा इतिहास कोणी लिहील तर त्यात हा दिवस अग्रभागी असावा. समारंभ अमेरिकन, भाषा इंग्रजी. पण पदवी घेणारी, तिचा पती, आणि तिचे कौतुक करायला आलेल्या मायलेकी, एवढे माणूस आपले. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. ‘मावशी’ हा नुसता उपचाराचा शब्द नव्हता, हे त्या कुटुंबाने आपल्या कृतीने दाखविले.

परंतु नात्याचा शब्द मिळाला म्हणून घरातले सगळे प्रश्न सुटत नाहीत. वॉन्टेजच्या घरात तीन गोष्टींवर खटके उडाले, आणि तिन्ही गोष्टी कोणत्याही कुटुंबाच्या जिव्हाळ्याच्या आहेत : ताट, क्रूस आणि मूल.

ताटाचा प्रश्न असा की रमाबाईंनी इंग्लंडातही शाकाहार सोडला नाही. भगिनींना त्यात जुन्या जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. रमाबाईंची भूमिका अशी की ख्रिस्ताचा स्वीकार केल्याने पूर्वजांच्या निरुपद्रवी चालीरीती टाकल्याच पाहिजेत असे नाही. सणासुदीच्या दिवशी सर्वांसोबत एकाच मेजावर बसून वेगळे ताट मागणे किती अवघड असते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

दुसरा प्रसंग आमच्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी आक्षेप घेतला. आपल्या देशभगिनींना ही भाषा कळणार नाही. आणि ज्या भाषेत आपल्या पूर्वजांनी प्रार्थना केल्या त्या संस्कृतपेक्षा लॅटिन अधिक पवित्र का मानावी, असा त्यांचा प्रश्न होता. क्रूस त्यांना हवाच होता. त्यावरचे शब्द मात्र आपले हवे होते. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना लॅटिन मिस्सा आठवत असेल. मध्यरात्रीच्या नाताळच्या मिस्सेला थंडीत कुडकुडत उभे राहिलेल्या आमच्या आज्या त्या लॅटिन शब्दांच्या नादाने गहिवरत, हे खरे. पण अर्थ विचारावयाची सोय नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि लोकभाषेला वेदीपाशी वाट मिळाली. रमाबाई कॅथॉलिक नव्हत्या, आणि एका व्यक्तीच्या पत्राची तुलना परिषदेच्या निर्णयाशी करण्यात अर्थ नाही. तरीही, ऐंशीएक वर्षे आधी एका मराठी स्त्रीने हा प्रश्न एका घरगुती पत्रात, कोणाचाही आधार नसताना, विचारला होता, याची नोंद आपल्या साहित्यसमीक्षेने घ्यावयास हवी.

येथे टीकेचाही एक मुद्दा आहे. लॅटिनला पर्याय म्हणून रमाबाई संस्कृतचे नाव घेतात. त्यांच्या आईची ती विद्या, म्हणून ते स्वाभाविक होते. पण ज्या देशभगिनींच्या नावाने त्या बोलत होत्या, त्यांपैकी कितीजणींना संस्कृत कळत होते? लॅटिन न कळणारी कोकणातली कुणबीण संस्कृतपुढेही तितकीच मुकी राहिली असती. या वेळच्या रमाबाईंना आपल्या मागणीचे पुढचे पाऊल दिसलेले नाही. ते त्यांना दिसले, पण पुष्कळ वर्षांनी.

तिसरा आणि सर्वांत खोल प्रश्न मनोरमेचा. रमाबाई चेल्टनहॅमला असताना मुलगी बराच काळ वॉन्टेज येथे भगिनींच्या देखरेखीखाली होती. रमाबाई अमेरिकेला गेल्यावर काही काळाने तिला पुन्हा तेथेच पाठवावे लागले. तिला कोणते धर्मसिद्धान्त केव्हा शिकवावेत यावर आई आणि ‘आजीबाई’ यांचे तीव्र मतभेद झाले. परंतु त्या वादाच्या तळाशी आईचे दुसरेच भय आहे. आपली मुलगी आपल्या लोकांना परकी होईल. ती त्यांच्यातली एक म्हणून नव्हे, तर त्यांच्याहून वरची म्हणून त्यांच्यात जाईल. आपण भारताची लेक आहोत हे सांगताना तिला संकोच वाटेल, हे ते भय. रमाबाईंनी ते लपविले नाही. या संग्रहातील सर्वांत अस्सल गद्य कोठे असेल तर ते या पत्रांत आहे. विद्वत्तेचा आधार तेथे संपतो आणि आई बोलू लागते.

सिस्टर जेराल्डीन यांच्याविषयी मात्र न्यायाने बोलावयास हवे. आजच्या वाचकाला त्यांना हटवादी ठरविणे सोपे आहे. पण आई दूर असताना त्या मुलीचा सांभाळ वॉन्टेजच्या घरानेच केला. मुलीवर त्यांची माया होती, आणि तिचे तारण व्हावे ही तळमळ खरी होती. त्यांची चूक एवढीच की आपल्या घराची रीत हीच श्रद्धेची रीत, असे त्या धरून चालल्या. ही चूक दुष्टांची नसते. ती बहुधा प्रेमळ माणसांचीच असते. म्हणून तर ती ओळखू येत नाही.

पत्रांच्या शेजारी रमाबाईंचे १८८९ साली प्रसिद्ध झालेले मराठी पुस्तक ठेवून पाहावे. ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात अमेरिकेची राज्यव्यवस्था, शिक्षण, गृहस्थिती, धर्मसंस्था आणि स्त्रियांची अवस्था यांचे साक्षेपी वर्णन आहे. भाषा संस्कृतप्रचुर असली तरी कोरडी नाही. मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाविषयी ती स्पष्ट बोलते. टोप्यांवर पक्ष्यांची पिसे मिरविणाऱ्या स्त्रियांनाही ती सोडत नाही. दोन वर्षांपूर्वी, १८८७ साली, त्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक इंग्रजीत लिहून आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले होते. अमेरिकनांना आपल्या घराची ओळख इंग्रजीतून आणि आपल्या लोकांना अमेरिकनांच्या घराची ओळख मराठीतून, अशी ही जोडी आहे. मात्र मराठी ग्रंथात परक्यांच्या संसाराचे वर्णन भरपूर असताना लेखिका स्वतःच्या लहानशा संसाराविषयी क्वचितच बोलते. वियोग, पत्राची वाट पाहणे, दूर असलेल्या मुलीची काळजी, हे त्या ग्रंथात शोधून मिळत नाही. लोकशिक्षणाच्या हेतूने त्यांनी स्वतःला मागे ठेवले, हे समजण्यासारखे आहे. पण ग्रंथाचे त्यामुळे नुकसानही झाले आहे. ती उणीव पत्रे भरून काढतात. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय रमाबाईंच्या परदेशवासाचे चित्र पुरे होत नाही.

अमेरिकेत रमाबाईंनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तकेही तयार केली. आपली मुलगी समुद्रापलीकडे इंग्रजीत वाढत असताना ही माता मराठी मुलांच्या वाचनमाला रचीत होती. हे चित्र मला फार बोलके वाटते, आणि त्यावर अधिक भाष्य करण्याची इच्छा होत नाही. १८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईस परतल्या आणि ११ मार्चला त्यांनी शारदासदन सुरू केले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती.

क्रूसावरील अक्षरांचा वाद खऱ्या अर्थाने मिटला तो केडगावच्या मुक्तिसदनात. उतारवयात रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करू लागल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. ज्यांच्यासाठी भाषांतर करावयाचे त्या स्त्रिया आता भोवतालीच वावरत होत्या. मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळविले. पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळविलेली स्त्री आयुष्याच्या अखेरीस आपली पंडिती बाजूला ठेवून सोपा शब्द शोधीत होती. वाङ्मयीन दृष्टीने हे भाषांतर निर्दोष नाही. मुळाशी शब्दशः प्रामाणिक राहण्याच्या आग्रहामुळे वाक्य कोठे कोठे अवघडते. पण त्यामागची निवड महत्त्वाची आहे. इंग्लंडात त्यांनी लॅटिनऐवजी संस्कृत मागितले. केडगावात त्यांनी संस्कृतऐवजी बायकांची मराठी घेतली.

मनोरमा या कामात आईचा उजवा हात होती. परदेशी वाढूनही ती आपल्या लोकांना परकी झाली नाही; आईचे भय तिने खोटे ठरविले. २४ जुलै १९२१ रोजी तिचे निधन झाले. पाठोपाठ ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. अखेरच्या दिवसांपर्यंत बायबलचे काम त्यांच्या हातात होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तो हाती घेऊन पाहायला त्या घरातले कोणीही उरले नव्हते.

हे सारे आपल्या कुटुंबांनी कशासाठी वाचावे? आमच्या धर्मग्रामांतील अनेक घरांची मुले आज आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. नाताळच्या रात्री दूरध्वनीवर नातवंडे इंग्रजीत बोलतात आणि आजी हसून ‘हो, हो’ म्हणते. त्या आजीला रमाबाईंची मनोरमेविषयीची पत्रे कोणी मराठीत वाचून दाखविली, तर तिला त्यात आपलेच मन दिसेल. ही पत्रे चांगल्या, घरगुती मराठीत घराघरांत पोहोचली पाहिजेत.

पण रमाबाईंची बाजू घेऊन वाचताना आपल्याला एक सोयीचा भ्रम होतो. आपण स्वतःला नेहमी रमाबाईंच्या जागी ठेवतो. तानसाच्या त्या पाड्यावर आम्ही रमाबाईंच्या जागी नव्हतो. तेथे आम्ही वॉन्टेजच्या प्रेमळ भगिनींच्या जागी होतो, आणि आमची ग्रांथिक मराठी त्या क्रूसावरच्या लॅटिनच्या जागी. आम्ही सण घेऊन गेलो होतो आणि त्यासोबत आमच्या घराचे शब्दही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कातकरी आहेत, ठाकर आहेत, वारली आहेत. त्यांच्या घरातली बोली आपल्या गीतपुस्तकात नाही. मंगळूरच्या त्या सिस्टरना मुलांनी ‘आजी’ म्हटले, म्हणजे घरात जागा दिली. जागा मिळालेल्या माणसाने पुढे काय करावयाचे, हे रमाबाई आणि त्यांच्या ‘आजीबाई’ यांच्या पत्रांत लिहिलेले आहे.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्या पाड्यावर गेलो. गीत तेच होते. सिस्टरनी मात्र तो एक शब्द बदलून घेतला होता. चालीत तो नीट बसत नव्हता, आणि आमच्यातल्या एका गायकाने तशी कुरकुरही केली. ती वृद्ध बाई त्या दिवशी मुलांबरोबर गात होती.